हात धुऊन मागे लागलेलं वात्सल्य

हिब्रू भाषेत 'रादाफ' नावाचं एक दांडगं क्रियापद आहे. अर्थ, पाठलाग करणे. मिसरमधून निसटलेल्या इस्राएली लोकांमागे फारो रथ घेऊन सुटला, तिथे हेच क्रियापद. शौल राजा तरण्या दावीदाच्या जिवावर उठला आणि त्याला रानावनात हुडकत फिरला, तिथेही हेच. (त्यावर दावीदाने शौलाला विचारलेला प्रश्न मोठा झणझणीत आहे: महाराज, इतकं सैन्य घेऊन आपण कोणाच्या मागे लागलात, मेलेल्या कुत्र्याच्या की एका पिसवेच्या?) ज्यू धर्मशास्त्रात तर 'रोदेफ' म्हणजे दुसऱ्याचा जीव घ्यायला त्याच्या मागे धावणारा इसम.

आता हे क्रियापद बायबलमधल्या सगळ्यात शांत समजल्या जाणाऱ्या कवितेत काय करतंय? २३व्या स्तोत्राच्या शेवटच्या वचनात ते ठाण मांडून बसलं आहे. तिथे पाठलाग करणारे दोघे: चांगुलपणा आणि वात्सल्य. इंग्रजी भाषांतरकारांनी या दोघांना सभ्यपणे मागून चालायला लावलं. मूळ हिब्रूत ते धावत सुटलेत. मराठीत त्याला तयार वाक्प्रचारच आहे, हात धुऊन मागे लागणे! एरवी माणसाच्या मागे असे सावकार लागतात, साडेसाती लागते. इथे कृपा लागली आहे आणि सुटका नाही.

या स्तोत्राचं सगळं असंच आहे. मेंढपाळ, हिरवळ, संथ पाणी अशी कॅलेंडरवरच्या चित्रासारखी त्याची ख्याती. मूळ शब्द मात्र मातीतले, घशातले, गाडीच्या चाकाखालचे. त्यातले काही वेचून पाहू.

आधी मोजदाद

पुस्तकाचं हिब्रू नाव 'तेहिल्लीम', म्हणजे स्तवनं. 'हल्लेलुया'तला 'हल्लेल' याच धातूचा, आणि शेवटचं 'या' हे देवाच्या नावाचं आखूड रूप. 'तेहिल्ला' हा शब्द एरवी स्त्रीलिंगी. पुस्तकाच्या नावात मात्र त्याला पुल्लिंगी अनेकवचनाचा प्रत्यय चिकटला आहे.

ग्रीक आणि लॅटिन बायबलांत हे स्तोत्र २२वं. तिथे नववं आणि दहावं स्तोत्र एकत्र धरतात, म्हणून पुढचे आकडे एकाने मागे सरकतात. जुन्या कॅथलिक पुस्तकात २३वं काढून भलतंच काही वाचायला मिळालं तर छापखान्याला दोष देऊ नका.

मथळ्यात दोन शब्द आहेत, 'मिझमोर' आणि 'ले-दावीद'. मिझमोर म्हणजे तंतुवाद्यावर म्हणायचं गीत. भांडण आहे ते 'ले' या एका अक्षरावर. त्याचा अर्थ दावीदाने रचलेलं, दावीदासाठी रचलेलं, दावीदाला अर्पण केलेलं, असा कसाही होऊ शकतो. विद्वानांच्या पिढ्या त्या एका अक्षरावर जेवल्या आहेत.

मथळा सोडला तर हिब्रूत शब्द किती? ५५. इंग्रजी किंग जेम्स भाषांतराला त्याच मजकुरासाठी ११८ लागले. हिब्रूचा काटकसरीपणा असा की कर्ता, कर्म, काळ, सगळं एकाच शब्दात कोंबता येतं.

आणि आता या ५५ शब्दांतली खरी करामत. बरोबर मध्यावर तीन शब्द येतात, ज्यांचा आशय 'तू सोबतीला आहेस' एवढाच. त्यांच्या आधी २६ शब्द, नंतर २६ शब्द. हिब्रूत प्रत्येक अक्षराला अंकमूल्य असतं. देवाच्या चार अक्षरी नावाची (योद, हे, वाव, हे) बेरीज करा: १० + ५ + ६ + ५. उत्तर २६! योगायोग म्हणा, कारागिरी म्हणा. मला त्याहून मोठी वाटते ती व्याकरणातली घडामोड. स्तोत्राच्या पहिल्या तीन वचनांत देवाबद्दल 'तो' असं बोलणं चाललंय. हिरवळ असते, पाणी असतं, तोवर 'तो'. चौथ्या वचनात काळोखी दरी येते आणि तिथे कवी एकदम 'तू' म्हणतो. संकटात माणूस देवाविषयी बोलायचं थांबवून देवाशी बोलू लागतो, हे निरीक्षण एका सर्वनामात उरकलं आहे. विठ्ठलाला एकेरीत हाका मारणाऱ्या मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

मथळ्यासकट मोजले तर शब्द ५७ होतात. 'झान', म्हणजे 'तो पोसतो', या हिब्रू शब्दाचं अंकमूल्यही ५७. शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, तिसऱ्या जेवणाला अनेक ज्यू घरांत हे स्तोत्र गातात, ते उगाच नाही.

मेंढपाळ आणि त्याची हिरवळ

'रोई' म्हणजे माझा मेंढपाळ. उच्चाराने जवळजवळ असाच दुसरा एक 'रोई' बायबलमध्ये आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात घराबाहेर पडलेली दासी हागार रानातल्या झऱ्यापाशी देवाला नाव देते, 'एल रोई', मला पाहणारा देव. स्पेलिंग वेगळं, एकात 'ऐन' आणि दुसऱ्यात 'आलेफ', धातूही वेगळे. पण कानाला दोन्ही सारखेच, आणि कळपावर नजर ठेवणं हेच तर मेंढपाळाचं काम.

मेंढपाळ म्हटलं की आपल्याला गरीब बिचारा दिसतो. प्राचीन पश्चिम आशियात ही राजाची पदवी होती. बाबिलोनच्या हम्मुराबीने आपल्या प्रसिद्ध कायद्याच्या शिळेवर स्वतःला मेंढपाळ म्हणवून घेतलं आहे. म्हणजे स्तोत्रातलं पहिलंच विधान भाविक तर आहेच, थोडं राजकीयही आहे: माझा राजा कोण, ते मी आधीच सांगून ठेवतो.

'देशे' म्हणजे कोवळं गवत. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात जमिनीतून पहिल्यांदा जे उगवलं ते हेच. बेथलेहेमच्या पूर्वेला उतरत जाणारं यहूदाचं रान वर्षातले बरेच महिने भुरकं, खडकाळ असतं. पाऊस हिवाळ्यात पडतो, आणि मग थोडे आठवडे टेकड्यांवर हिरवी लव दिसते. त्यामुळे या कवितेतली हिरवळ म्हणजे मैलोन् मैल पसरलेलं कुरण असं समजू नये. मेंढपाळाला ठाऊक असलेला, शोधून काढलेला तुकडा तो. आजच्या इस्राएलमध्ये 'देशे' म्हणजे बागेतलं लॉन.

त्या जोडीचा 'नेओत' म्हणजे कुरणं. हा शब्द आज पायात घालतात. उत्तर इस्राएलमधल्या नेओत मोर्देखाय या किबुत्झमध्ये (सामूहिक वसाहतीत) सुरू झालेला चपलांचा 'नाओत' ब्रँड जगभर विकला जातो, आणि त्याच्या नावात हीच कुरणं आहेत.

'यार्बित्सेनी' हा अख्खा एक शब्द, आणि त्यात 'तो मला बसवतो, विसावायला लावतो' एवढं सगळं आलं. हा धातू जनावराने पाय दुमडून बसण्याचा. हिब्रूत प्रयोजक रूपाची सोय आहे, मराठीत 'निजणे'चं 'निजवणे' होतं तशीच. पुढची गंमत आजच्या इस्राएलमधल्या शाळकरी पोरांना विचारा. आधुनिक हिब्रूत 'लेहार्बित्स' म्हणजे चोप देणे! आडवं करण्याचे दोन प्रकार आहेत, दुसरं काय.

त्याच वचनात पाण्याकडे नेणारं क्रियापद आहे, त्याच्या 'न-ह-ल' धातूपासून आजच्या हिब्रूत 'मेनाहेल' तयार झाला, म्हणजे मॅनेजर. आणि पाण्याला लावलेला शब्द 'मेनुखोत', म्हणजे विसावे, चक्क अनेकवचनात. 'लेल मेनुखा' असं म्हणत इस्राएली माणसं अजूनही रात्री एकमेकांचा निरोप घेतात. नोहाचं नावही या विश्रांतीच्याच घराण्यातलं.

पाणी, 'मायीम', हिब्रूत नेहमी अनेकवचनी. आकाश, 'शामायीम', तेही. आणि आयुष्य, 'खय्यीम', तेसुद्धा. एकवचनी आयुष्य या भाषेला ठाऊकच नाही. आपणही 'प्राण गेले' असंच म्हणतो की.

जिवात जीव

'नेफेश' या शब्दाने भाषांतरकारांना जेवढं छळलं तेवढं क्वचितच कोणी छळलं असेल. सगळीकडे त्याचा 'आत्मा' करून मोकळे होतात. पण नेफेश म्हणजे मुळात गळा, घसा, त्यातून जाणारा श्वास, आणि म्हणून जीव. योना समुद्रात बुडतो तेव्हा पाणी त्याच्या नेफेशपर्यंत येतं, म्हणजे गळ्यापर्यंत. यशया सांगतो की अधोलोकाने आपला नेफेश वासला, म्हणजे घसा. तहान नेफेशला लागते, भूकही नेफेशला.

देहापासून सुटा, हवेत तरंगणारा आत्मा ही कल्पना या शब्दात नाही. मराठीत 'जीव कंठाशी येणे' म्हणतात ते याच्या अगदी जवळचं. आणि मग तिसऱ्या वचनात देव त्या नेफेशचं काय करतो? त्याला परत आणतो. आपल्याकडे त्याला 'जिवात जीव आला' म्हणतात. धर्मग्रंथाच्या भाषेला हे फार घरगुती वाटेल, पण अर्थाला चोख आहे. उन्हातून चालून घसा कोरडा पडलेल्या मेंढराला पाणी मिळालं, एवढंच चित्र. त्यावर तत्त्वज्ञान नंतर चढलं.

लगेच पुढे 'माग्ले-त्सेदेक' येतो. दुसरा शब्द नीतीचा, न्यायाचा. पहिला 'मागाल', त्याच्यामागे 'अगोल' म्हणजे गोल आणि 'अगाला' म्हणजे बैलगाडी. गाड्या जाऊन जाऊन जमिनीत चाकांची जी वाट पडते ती. मराठीत त्याला हुबेहूब शब्द आहे: चाकोरी. आपण 'चाकोरीबद्ध' म्हणतो ते नाक मुरडून. इथे चाकोरी हा आधार आहे. अनोळखी रानात चाकांची वाट दिसली याचा अर्थ आपल्याआधी कोणीतरी इथून सुखरूप गेलंय. आधुनिक हिब्रूत 'मागाल' म्हणजे वर्तुळ, आणि विजेचं सर्किटसुद्धा.

दरी

'गे' म्हणजे दरी. जेरुसलेमच्या कुशीत हिन्नोमची दरी आहे, 'गे-हिन्नोम'. प्राचीन काळी तिथे मुलांचे बळी दिले जात, म्हणून ती जागा बदनाम झाली. नाव ग्रीकमध्ये 'गेहेन्ना' झालं, अरबीत 'जहन्नम' झालं, आणि तिथून हिंदी सिनेमाच्या खलनायकांच्या तोंडी येऊन आपल्या कानांपर्यंत पोहोचलं. स्तोत्रातली दरी ती नव्हे. जेरुसलेमहून यरीहोकडे उतरणाऱ्या वादी केल्टच्या अरुंद घळीकडे बोट दाखवून गाइड लोक 'हीच ती' म्हणतात. कवीने मात्र नकाशा दिलेला नाही.

'त्साल्मावेत' हा तिथला भारी शब्द. फोड केली तर 'त्सेल' म्हणजे सावली आणि 'मावेत' म्हणजे मरण. मृत्यूची सावली. ग्रीक भाषांतरकारांनी तीच फोड धरली आणि जगभर ती रूढ झाली. पण अनेक अभ्यासकांचं म्हणणं असं की हा जोडशब्द नाहीच. काळ्याकुट्ट अंधारासाठीचा हा एक जुना शब्द, ज्याचं नातं अक्कादी भाषेतल्या 'काळा' या शब्दाशी लागतं. जुन्या करारात तो १८ वेळा येतो, त्यातले १० वेळा एकट्या ईयोबाच्या पुस्तकात. ज्याचं सगळं गेलं त्याच्याच तोंडी अंधाराचा शब्द जास्त, हे ओघाने आलं.

भाषाशास्त्र काहीही म्हणो, मरणशय्येपाशी हे स्तोत्र म्हटलं जातं ते त्या सावलीमुळेच. आणि अंधार असा अर्थ घेतला तरी नुकसान काहीच नाही, उलट जो अजून मरणाच्या दारात पोहोचलेला नाही पण रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही, त्यालाही मग या वचनात जागा मिळते.

मेंढपाळाच्या हातात काठ्या दोन. 'शेवेत' म्हणजे दांडका, लांडग्यासाठी. याच शब्दाचा अर्थ राजदंड, आणि टोळी किंवा वंशही. इस्राएलचे बारा वंश म्हणजे बारा 'शेवेत'. दुसरी 'मिश्एनेत', टेकायची काठी. दिलासा देणं हे क्रियापद 'न-ख-म' धातूचं. नहूम संदेष्टा, नहेम्या आणि इस्राएलचे एके काळचे पंतप्रधान मेनाखेम बेगिन, हे सगळे या धातूचे नातेवाईक.

तेल, घाणा आणि शनवार तेली

पाचव्या वचनात देव यजमान होतो. ताट मांडण्याचं क्रियापद आणि 'शुलखान' म्हणजे मेज, हे दोन शब्द जोडून एका जाडजूड ग्रंथाचं नाव झालं, 'शुलखान आरूख', मांडलेलं मेज. योसेफ कारो यांची ही ज्यू आचारसंहिता १५६५ साली व्हेनिसमध्ये छापली गेली आणि धार्मिक ज्यू आजही ती उघडून पाहतात. पंगत मांडली आहे शत्रूंच्या डोळ्यांदेखत. 'शत्रू'साठीचा शब्द 'अरुंद', 'आवळणे' या अर्थाच्या धातूतून आलेला; म्हणजे कोंडी करणारे.

मग डोक्यावर तेल. इथे बहुतेक वाचक 'अभिषेक' समजतात. अभिषेकाचं हिब्रू क्रियापद वेगळं, 'माशाख'. त्यावरून 'माशिआख', त्यावरून मसीहा. इथलं क्रियापद आहे 'दिश्शेन', त्याचा सरळ अर्थ तुकतुकीत करणे, धष्टपुष्ट करणे. राज्याभिषेकाचा थाट त्यात नाही. उन्हातून आलेल्या पाहुण्याच्या रखरखीत डोक्यावर भरपूर तेल थापण्याची माया आहे. त्याच धातूचा 'देशेन' आजच्या इस्राएलमध्ये कृषी केंद्रात पोत्याने मिळतो. देशेन म्हणजे खत!

तेल म्हणजे 'शेमेन'. 'गात शेमानीम' म्हणजे तेलाचा घाणा. जैतुनाच्या डोंगराच्या पायथ्याशी असा घाणा असलेली बाग होती, तिचं नाव गेथशेमाने. येशूला अटक झाली ती तिथे.

आणि घाण्यावरून थेट कोकणात यावं लागतं. अलिबाग परिसरातल्या गावांत शतकानुशतकं तेल गाळणारे बेने इस्राएल ज्यू शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून शेजारपाजारचे त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांची मातृभाषा मराठी, आडनावं राजपूरकर, दिवेकर, किहीमकर. १८३२ साली स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी (विल्सन कॉलेजवाले तेच) हिब्रू व्याकरण मराठीतून छापलं. पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थनापुस्तकं मराठीत आणली. या समाजाने मराठी कीर्तनंसुद्धा केली, आख्यान दावीदाचं किंवा मोशेचं, चाली आपल्या. त्यातले बहुतेक आता इस्राएलमध्ये आहेत आणि तिथून 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक निघत आलं आहे.

तेलानंतर पेला. 'कोस' म्हणजे पेला, आणि याच स्पेलिंगचा 'कोस' म्हणजे पिंगळा. लेवीयाच्या पुस्तकात न खाण्याच्या पक्ष्यांच्या यादीत तो सापडतो. पेल्याला जोडलेला 'रेवाया' हा शब्द अख्ख्या बायबलमध्ये फक्त दोनदा येतो, इथे आणि ६६व्या स्तोत्रात. शेत पाणी पिऊन तृप्त होतं, आणखी घेत नाही, त्या अवस्थेचा हा शब्द. आजवर पेला ओसंडून वाहताना दाखवला गेला. मूळ शब्दात पेल्याची तहान भागली आहे.

खेसेद, आणि केडगावची पंडिता

पाठलाग करणाऱ्या जोडीतला दुसरा 'खेसेद'. दया, निष्ठा, प्रेम, करार पाळण्याचा हट्ट, हे सगळं त्यात आहे. १५३५ साली इंग्रजीत बायबल छापताना माइल्स कव्हरडेल यांना एकही शब्द पुरेना, तेव्हा त्यांनी 'लव्हिंग' आणि 'काइंडनेस' हे दोन शब्द जोडून नवाच बनवला. १३६व्या स्तोत्रात प्रत्येक वचनाचं पालुपद खेसेदवर संपतं, आणि वचनं किती? २६. याच शब्दावरून 'हसीद', म्हणजे भक्त. मराठीत मला 'वात्सल्य' सगळ्यात जवळचा वाटतो. 'दया' म्हटलं की देणारा उंच जोत्यावर उभा राहतो.

असे पेच एका मराठी बाईने एकहाती सोडवले. पंडिता रमाबाई, संस्कृतात वाढलेल्या. उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि खेड्यातल्या बाईला कळेल अशा सोप्या मराठीत संपूर्ण बायबलचं भाषांतर करायला बसल्या. छपाई केडगावच्या मुक्ती मिशनमध्येच, तिथल्या बायकांच्या हातून. १९२२ साली रमाबाई गेल्या आणि १९२४ साली पूर्ण ग्रंथ बाहेर आला. मूळ भाषांतून एकट्या स्त्रीने पूर्ण बायबल आणल्याची उदाहरणं जगात बोटांवर मोजण्याइतकी. महाराष्ट्रात मात्र रमाबाई म्हटलं की धर्मांतराचा वाद आधी आठवतो आणि हे काम कोपऱ्यात राहतं, हे बरं नाही.

एका स्वराचं कोडं

हिब्रू लिपी मुळात व्यंजनांची. स्वर वाचणाऱ्याने आपल्या आठवणीतून भरायचे. सातव्या ते दहाव्या शतकात गालीलमधल्या तिबिर्या शहरातल्या मासोरेत पंडितांनी अक्षरांच्या वर, खाली, पोटात टिंबं आणि रेघा देऊन उच्चार पक्के केले. संपूर्ण हिब्रू बायबलची आज उपलब्ध असलेली सगळ्यात जुनी प्रत, लेनिनग्राड कोडेक्स, साधारण १००८ सालची.

स्तोत्राच्या अखेरच्या ओळीत या स्वरांनी एक कोडं ठेवलं आहे. बहुतेक भाषांतरं म्हणतात की कवी देवाच्या घरात राहणार. मासोरेतांनी दिलेले स्वर जसेच्या तसे वाचले तर 'शावती' होतं, आणि त्याचा अर्थ होतो 'मी परत येईन'. ग्रीक भाषांतरकारांनी त्याच व्यंजनांत वेगळे स्वर भरले आणि 'माझं राहणं' असा अर्थ काढला. बहुतेक आधुनिक भाषांतरं त्यांच्या मागून गेली.

मी परत येण्याच्या बाजूचा. तिसऱ्या वचनात जीव परत आणणारं क्रियापद याच 'शूव' धातूचं आहे. कवीने तो धागा शेवटी पुन्हा उचलला असेल तर नवल नाही. शिवाय कळपाचं रोजचं काम तेच, सकाळी बाहेर, संध्याकाळी परत. आणि शेवटचा शब्दप्रयोग 'ओरेख यामीम', शब्दशः दिवसांची लांबी. त्यात अनंतकाळ पाहायचा की नुसतं भरभरून दीर्घ आयुष्य, हे वाचणाऱ्याच्या श्रद्धेवर.

मराठी बायबलच्या पुढच्या आवृत्तीवर जे कोणी काम करत असतील त्यांना एक विनंती. मजकुरात हवं तर 'राहणं' ठेवा, पण तळटीपेत 'परत येणं' छापा. एका ओळीची जागा लागेल.